घारीच्या हद्दीत

माझ्या ड्रोनचं वजन २४९ ग्रॅम आहे. पाव किलोला एक ग्रॅम कमी. बाजारात एवढ्या मापावरून कुणी भांडत नाही, पण आमच्या धंद्यात त्या एका ग्रॅमला कायद्याने किंमत आणली आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने ड्रोनचे नवे नियम काढले. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्याच्या पुढे दोन किलोपर्यंतचा 'मायक्रो'. नॅनो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही; मायक्रो पैसे घेऊन उडवायचा तर लागतं. हा अडीचशेचा आकडा अमेरिकेत आधीच रूढ होता, म्हणून डीजेआयने २०१९च्या अखेरीस नेमका २४९ ग्रॅमचा 'मॅव्हिक मिनी' बाजारात आणला. त्यांच्या डोक्यात कराड, विटा, वाईचे लग्नाचे शूटिंगवाले असणं शक्य नाही. फायदा मात्र आम्हालाही झाला. पुढे ९ फेब्रुवारी २०२२ला परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणायला बंदी आली, सुटे भाग आणायला मुभा राहिली. तेव्हापासून आमच्यातले बरेच जण जुन्याच यंत्राची पाती, मोटर, गिंबलची पट्टी बदलत दिवस काढताहेत. मीही त्यातलाच.

कराडच्या आसपासच्या गावांत माझं नाव थोड्यांनाच माहीत आहे. 'ड्रोनवाला' म्हटलं की लगेच कळतं. त्याआधी मी 'शूटिंगवाला' होतो, आणि मधली काही वर्षं 'क्रेनवाला'. जिमी जिब नावाची ती लांब लोखंडी दांडी टेम्पोत घालून न्यायची, मांडवाच्या कडेला उभी करायची, मागच्या टोकाला वजनं लटकवायची आणि दोघांनी मिळून फिरवायची. तिने वीस-पंचवीस फुटांवरून वरात दिसायची आणि पाहुणे खूश व्हायचे. आता ती दांडी गोठ्याच्या आढ्याला टांगली आहे आणि तिच्यावर चवाळी वाळत घालतात.

ड्रोन बाहेर काढला की गावात पहिली चौकशी उंचीची होते. विचारणारा बहुधा नवरीचा चुलता असतो. फेटा बांधलेला, हातात पानाचा डबा. "किती वर जातंय ओ हे?" मी सांगतो, हिरव्या पट्ट्यात कायद्याने ४०० फूट, विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरच्या टापूत २०० फूट, त्याच्या आत परवानगी. कराडला धावपट्टी आहे, त्यामुळे कुठलंही काम घेताना सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर गाव कुठल्या रंगात पडतं ते आधी बघावं लागतं. चुलत्याला या नकाशाशी काही देणंघेणं नसतं. "ते ऱ्हाऊ द्या. आपल्याला एकदम वर न्या. सगळं गाव आलं पायजे."

लोकांना उंचीचं अप्रूप आहे. माझं मत वेगळं पडतं. चारशे फुटांवरून मांडव म्हणजे एक रंगीत चौकोन. नवरी कुठली, करवली कुठली, आचारी कुठला, काही कळत नाही. फेट्याच्या रंगावरून वऱ्हाड कुठल्या बाजूचं एवढंच ओळखता येतं. आमच्या कॅमेऱ्याचं भिंग रुंद असतं, ते माणसांना आणखी बारीक करतं. शिवाय एवढ्या वरून ड्रोन पुढे नेला तरी पुढे गेल्यासारखं वाटत नाही, कारण खालचं सगळं सारख्याच वेगाने सरकतं. हलतंय असं डोळ्याला वाटायला जवळचं झपकन जावं लागतं आणि लांबचं सावकाश. ते घडतं तीस-चाळीस फुटांवर, नारळाच्या शेंड्याच्या आसपास. तिथे कौलांची रांग कॅमेऱ्याखालून सरकन निघून जाते, मागे देवळाचं शिखर जागचं हलत नाही, आणि दोन्हींच्या मध्ये वाजंत्र्यामागून येणाऱ्या माणसांचे चेहरे ओळखू येतात.

वरून महाराष्ट्र बघायची हौस आपल्याकडे ड्रोनच्या आधीची आहे. उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेल्या गडकिल्ल्यांचं 'महाराष्ट्र देशा' हे पुस्तक २०१० साली आलं आणि अनेक घरांत दिवाणखान्यात ते मांडून ठेवलेलं मी पाहिलं आहे. राजगडाच्या माच्या तिन्ही बाजूंना कशा पसरल्या आहेत हे त्या उंचीवरूनच कळतं, तिथे वाद नाही. पण हेलिकॉप्टर गल्लीत येत नाही. क्रेन पंचवीस फुटांवर संपायची, हेलिकॉप्टर काहीशे फुटांच्या वर सुरू व्हायचं. मधला पट्टा आजवर कुणाच्याच कॅमेऱ्याचा नव्हता. तिथे कावळे होते, घारी होत्या, आणि नारळ उतरवायला चढणारी माणसं. ड्रोनने खरं नवीन काही दिलं असेल तर हा मधला पट्टा दिला. आणि आम्ही गिऱ्हाइकाच्या हट्टापायी तोच ओलांडून वर जातो.

दुपारच्या मुहूर्ताला दुसरी अडचण उन्हाची. माझ्या कॅमेऱ्याचं भिंग एकाच मापाला उघडं राहतं, लहानमोठं होत नाही. सेकंदाला पंचवीस चित्रं घ्यायची तर शटर एक पन्नासांशावर ठेवावं, म्हणजे चालणारी माणसं, हलणारे झेंडे डोळ्याला जसे दिसतात तसे उतरतात. भर उन्हात तसं ठेवलं तर पडदा पांढराफटक. शटर हजाराच्या पुढे नेलं तर उजेड आवरतो, पण शर्यतीचे बैल तुटक तुटक पळतात. त्यासाठी काळसर काचेचे एनडी फिल्टर लावायचे, उन्हाप्रमाणे बदलायचे. हे काम कुणाच्या नजरेत येत नाही. गोरज मुहूर्ताला उलटं होतं, उजेड भराभर उतरतो आणि बारीक सेन्सरवर दाणे उठायला लागतात. आमच्या पट्ट्यातली बरीच हवाई दृश्यं म्हणून सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासात घेतलेली असतात, आणि मधल्या वेळेचं लग्न खालच्या कॅमेऱ्याने भरून काढलेलं असतं.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही. वरून आवाज येत नाही. ड्रोनला माइक नसतोच, आणि असता तरी चार पात्यांच्या घोंघाटाखेरीज त्यात काही आलं नसतं. तुम्ही आजवर हवाई दृश्यांत जे जे ऐकलंत, नदीची खळखळ, पाखरं, सनई, ते सगळं नंतर चिकटवलेलं आहे. मी खाली एक छोटा रेकॉर्डर ठेवतो. हलगीवाल्यांच्या जवळ, विहिरीच्या काठावर, मांडवात बायका एकमेकींची नावं पुकारतात तिथे. एडिटिंगला बसल्यावर वरचं चित्र आणि खालचा आवाज जुळवतो. त्यातही थोडी लबाडी आहेच, कारण चाळीस फुटांवरून हलगी इतकी जवळ ऐकू येणार नाही. मंगलाष्टकांच्या वेळी मात्र ड्रोन पिशवीत. भटजींच्या डोक्यावर घोंघावणारं यंत्र मला स्वतःला सहन होत नाही, आणि पात्यांच्या वाऱ्याने अक्षता भलतीकडे उडतात ते वेगळंच.

आता घारीबद्दल. ती आमच्या भागात उंच निलगिरीवर नाहीतर मोबाईलच्या टॉवरवर घरटं करते, आणि हिवाळा सरता सरता तिचा स्वभाव बदलतो. एरवी ड्रोनकडे ढुंकून न बघणारी घार तेव्हा एक चक्कर मारून जाते. ती पहिली चक्कर म्हणजे नोटीस. दुसरी जवळून येते, पडद्यावर सावली सरकते. तिसऱ्यांदा ती पाय पुढे करून येते. जाणकार सांगतात की अशा वेळी सरळ वर चढावं, कारण घार वरून खाली झेपावते, उभं चढणाऱ्याचा पाठलाग तिला जड जातो. ते खरं आहे, पण मी पहिल्या चक्करीलाच खाली येतो. पैसे मांडववाल्यांनी दिलेत, हद्द तिची आहे. आमच्यातल्या एकाचा ड्रोन तिने उसाच्या फडात पाडला आणि तो शोधायला फड तुटेपर्यंत थांबावं लागलं. साखर कारखान्याची टोळी आली, ऊस पडला, आणि पाचटात यंत्राचं एक हाड सापडलं.

माणसांच्या हद्दी एवढ्या उघड नसतात. आमच्याकडे घराचं तोंड रस्त्याकडे आणि मागे परडं. परड्यात न्हाणी, बऱ्याच ठिकाणी बिनछपराची. तिथेच चूल, शेणी, वाळवण, दोरीवरचे कपडे. परड्याचा कूड माणसाच्या डोळ्याच्या उंचीचा असतो आणि शेकडो वर्षं तेवढाच पुरला, कारण त्याच्यावरून बघणारं कुणी नव्हतं. ड्रोनला कूड नाही. रस्त्यावरून निघालेली वरात चित्रित करताना वळणावर कॅमेरा थोडा तिरका झाला तरी चार घरांची परडी पडद्यावर येतात. 'थ्री इडियट्स' सिनेमात, २००९ साली, आपल्यातल्या बहुतेकांनी उडणारा कॅमेरा पहिल्यांदा बघितला. तो ड्रोन मुंबईच्या आयआयटीतून निघालेल्या पोरांच्या आयडियाफोर्ज या कंपनीने बनवला होता. त्या दृश्यात तो काय करतो ते आठवा. वसतिगृहाच्या खिडकीपाशी जातो आणि बंद खोलीत बघतो. पोरांनी आत जे बघितलं ते बघायला ती निघाली नव्हती. सिनेमावाल्यांनी हे मुद्दाम केलं की नाही मला माहीत नाही, पण या यंत्राची ओळख त्यांनी बरोबर करून दिली.

एका गावात पाठवणीच्या आदल्या दिवशी मी गल्लीचा अंदाज घेत होतो. ओट्यावर बसलेल्या एका आजींनी हाक मारली. "लेका, ते तुझं वरचं माझ्या परड्यात बघतंय का?" मी म्हटलं, "नाही आजी, रस्त्यावरनंच जाणार." त्या म्हणाल्या, "मग सकाळी सातला नगं. नळाला पाणी येतंय तवा." तेव्हापासून कुठल्याही गावात गेलो की मी पाण्याची वेळ विचारतो. ड्रोनच्या कुठल्याही नियमावलीत हा नियम सापडणार नाही. वरात कुठून येणार, शाळा कधी सुटते, जनावरं कधी परततात, हेही विचारतो. गल्लीतून एकदा पायी चालत जातो, भेटेल त्याला सांगतो. कॅमेऱ्याची मान रस्त्याच्या मध्यावर ठेवून सरळ उडायचं, वळणावर थांबून मग वळायचं. एडिटिंगला बसलं की कडेचं बरंच कापून टाकतो. एका लग्नाच्या दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये ड्रोनचे तुकडे दीड मिनिटाच्या वर जात नाहीत, आणि गिऱ्हाईक म्हणतं, एवढंच?

दुसऱ्या तऱ्हेची मागणी येते ती बांधाची. स्वामित्व योजनेचं काम २४ एप्रिल २०२० पासून सुरू झालं. गावठाणाची ड्रोनने मोजणी, मग घराघराला मिळकत पत्रिका. ड्रोन यायच्या आधी गावकऱ्यांनी आपापल्या घराच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारायच्या, म्हणजे वरून त्या दिसतील. काही गावांत त्या चुन्यावरून भाऊबंदकी पेटली, रात्री एकाने मारलेली रेघ सकाळी दुसऱ्याने पुसली. त्या मोजणीनंतर गावात कुठलाही ड्रोन आला की लोकांना तो सरकारी वाटतो. "मोजणीचे का तुम्ही?" हा प्रश्न लग्नाच्या मांडवातही येतो.

तर असे एक तात्या आले. उसाचे चांगले बागायतदार. शेजाऱ्याने बांध कोरून कोरून आपल्याकडे सरकवलाय, वरनं फोटो काढून द्या, प्रांताकडे लावतो. मी त्यांना समजावलं की माझ्या फोटोने मोजणी होत नाही. मोजणीच्या ड्रोनला जमिनीवरच्या पक्क्या स्थानकाची जोड असते, तो शेकडो फोटो एकमेकांवर चढतील असे सरळ खाली बघून घेतो, मग संगणकात त्यांची एक सपाट शीट होते आणि चूक काही सेंटिमीटरवर येते. माझं यंत्र साध्या जीपीएसवर एका जागी थांबलं तरी मीटर-दीड मीटर इकडेतिकडे असू शकतं. रुंद भिंगात कडेच्या रेषा वाकतात. कॅमेरा जरा कलता असला की जवळचा बांध जाड दिसतो, लांबचा बारीक. मी मनात आणलं तर एकाच जागेवरून बांध तुमच्या बाजूने सरकलेला दाखवू शकतो आणि त्याच्याही बाजूने. तात्या ऐकून घेत होते. हे शेवटचं वाक्य त्यांना फार आवडलं. "मग आमच्या बाजूनं दाखवा की," म्हणाले, "पैशाचं काय ते सांगा."

ते काम मी घेतलं नाही. पण आलेच आहात तर ऊस बघा म्हणून मी ड्रोन त्यांच्या शेतावर चाळीस फुटांवर धरला आणि मोबाईलचा पडदा त्यांच्या पुढ्यात दिला. उभ्या उसात माणूस आत शिरला की त्याला दोन सऱ्यांपलीकडचं दिसत नाही. तात्या बराच वेळ बांधच बघत होते. मग बोट मधल्या एका जागेवर ठेवलं. "हे पिवळं काय?" हिरव्या फडात तीन-चार वाळकी वर्तुळं होती, एक बांधाला लागून, आणि त्याच्या पलीकडे शेजाऱ्याच्या उसात तसंच आणखी एक. हुमणी. ही अळी मुळं खाते, ठोंब वाळतात, आणि कडेने चालणाऱ्याला ते कळेपर्यंत उशीर होतो. तात्या गप्प झाले. प्रांताचा विषय त्यांनी त्या दिवशी पुन्हा काढला नाही. जाताना म्हणाले, "हुमणीला गट नंबर कळत न्हाय, न्हवं का?" शेजाऱ्याला त्यांनी सांगितलं की नाही कोण जाणे. बांधाचा दावा मात्र अजून चालू आहे.

२०२४च्या पावसाळ्यात आमच्या धंद्याला वेगळीच कळा आली. पुणे, नगर, बीडकडच्या गावांत रात्री ड्रोन फिरतात, चोर त्यातून घरं हेरतात, अशी आवई उठली. गावोगाव पोरं काठ्या घेऊन रात्री जागायला लागली. त्यातले बरेच दिवे विमानांचे निघाले, काही खेळण्यातल्या ड्रोनचे. पण अफवेला कोण विचारतं? ती आमच्याकडेही मोबाईलवरून आली. एका संध्याकाळी साखरपुडा आटपून येताना रस्त्यात चार पोरांनी मोटारसायकल अडवली, पिशवी उघडायला लावली. ड्रोन बघितल्यावर त्यांचे चेहरे बदलले. मी नियम सांगितले असते, कागद दाखवले असते, त्याने काही झालं नसतं. त्यांच्यातल्या एकाच्या बहिणीचं लग्न मी चित्रित केलं होतं. त्याने मोबाईलवर ती फिल्म लावली, सगळ्यांनी भर रस्त्यात दोन मिनिटं बघितली, आणि मग एक जण म्हणाला, "दादा, रात्री काढू नका बघा पिशवीतनं." मी तसा रात्री काढतच नाही. तेव्हापासून मात्र कामाच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला अर्जाची प्रत देतो, सरपंचांचा फोन नंबर खिशात ठेवतो आणि उडवताना चमकणारं पिवळं जाकीट घालतो. उडवणारा माणूस सगळ्यांना लांबून दिसला की वरच्या यंत्राची भीती निम्मी होते. काठ्या घेऊन उभ्या असलेल्या त्या पोरांचा मला राग नाही. डोक्यावर काहीतरी घोंघावतंय, कुणाचं आहे कळत नाही, ते आपल्याला बघतंय आणि आपण त्याला बघू शकत नाही, असं असेल तर मीही काठी घेतली असती.

या सगळ्या कामात एकच असं होतं की लोकांनी स्वतः म्हटलं, बघ, आमच्या घरात बघ. ऑगस्ट २०१९चा पूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. तेव्हा माझ्याकडे आधीचा जड ड्रोन होता. खालच्या अंगाच्या एका गावातली माणसं उंचावरच्या शाळेत आणून ठेवली होती. कुठल्या वस्तीवर अजून कोण अडकलंय ते बघायला तहसीलमधून निरोप आला, पोलिसांना कळवून मी गेलो. पाऊस थांबेना. पावसात हे यंत्र उडत नाही, मोटरमध्ये पाणी जातं. शिवाय हेलिकॉप्टर आसपास असेल तर ड्रोन जमिनीवर, यात तडजोड नाही. शाळेच्या स्लॅबवरून सोडायची सोय होती, पण स्लॅबच्या लोखंडाने होकायंत्र भरकटतं म्हणून पाऊस थांबल्यावर रस्त्यावरच्या उंचवट्यावरून सोडला.

अडकलेल्यांच्या दोन वस्त्या दिसल्या, त्या होडीवाल्यांना दाखवल्या. मग बॅटरी उरली होती आणि पाऊसही थांबलेला होता. मागे माणसं जमली. कुणीतरी पडद्यावर छत्री धरली. खाली सगळं एका रंगाचं पाणी, त्यात कौलांचे त्रिकोण, पत्र्यांचे चौकोन. मला एकही घर ओळखता येत नव्हतं, त्यांना सगळी येत होती. पिवळी टाकी म्हणजे अमक्याचं. पिंपळाच्या डावीकडे तिसरं आमचं. "हितं न्हवं, मागं घ्या, जरा मागं." रस्ते गायब झाल्यावर लोकांनी पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना आणि देवळाचा कळस धरून आपलं गाव पुन्हा लावलं. एक जण त्याच्या गोठ्याचा पत्रा दिसेपर्यंत श्वास धरून होता. जनावरं त्याने आदल्या रात्री दावी कापून सोडली होती, त्यामुळे गोठ्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्याला तो पत्रा बघायचा होता. पाणी चमकत असलं की ड्रोनच्या पोटाखालचे सेन्सर गोंधळतात, म्हणून मी खाली उतरवत नव्हतो, आणि लोक म्हणत होते, खाली घे, अजून खाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला वर ने म्हणालं नाही. एक बाई मागेच उभ्या होत्या. मी विचारलं, वहिनी, तुमचं कुठलं? त्या म्हणाल्या, "नका दाखवू. घरी गेल्यावर बघीन."

दुसऱ्या दिवशी एका वाहिनीच्या माणसाने तुकडा मागितला. घरं ओळखू येणार नाहीत असा, उंचावरून घेतलेला, मी दिला. कळस, झाडांचे शेंडे, पाणीच पाणी. तो पुढे भलत्याच गावाच्या नावाने फिरत राहिला. २०२१च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला तेव्हा तोच तुकडा 'आत्ताचं दृश्य' म्हणून माझ्याच मोबाईलवर आला, कोल्हापुरातल्या कुठल्याशा गावाचं नाव लावून. मी खाली लिहिलं की हे दोन वर्षांपूर्वीचं आहे. त्यावर कुणी एकाने मलाच विचारलं, कशावरून? चारशे फुटांवरून घेतलेल्या पाण्याला मी तरी काय पुरावा देणार होतो? नारळाच्या उंचीवरून घेतलेला असता तर पिवळी टाकी दिसली असती.

सध्या एक पोरगा माझ्याकडे शिकायला येतो. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, हात चपळ, रील बघून बघून डोळा तयार झालेला. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि तिथून एकदम काटकोनात वळतात. प्रीतिसंगमाचं ते वळण वरून घ्यायची त्याला घाई आहे. पावसाळ्यात दोन्ही नद्यांच्या पाण्याचे रंग वेगळे असतात, दृश्य खरंच भारी आहे, आणि परवानगीचं बघून आम्ही ते करूही. तोवर मी त्याला तोडलेल्या फडात छातीच्या उंचीवर उडवायला लावतो. तो कंटाळतो. एकदा म्हणाला, "दादा, वर गेल्यावर बघायचं काय असतं मग?" मी म्हटलं, खांब बघ. विजेची तार पडद्यावर दिसत नाही, खांब दिसतो. खांब दिसला की तार आहे असं समज, आणि दोन खांबांच्या मधून कधी जाऊ नको.

त्याला जुना सेट घ्यायचा आहे. विट्यात एक जण विकतोय म्हणे, भाव बरा सांगतोय. मी म्हटलं, भावाचं नंतर. ॲपमध्ये बॅटरी किती वेळा भरली गेलीय तो आकडा बघ. चारी हात उघडून बिजागरीला चीर आहे का बघ, नखाने बघ, डोळ्याने दिसत नाही. कॅमेरा चालू करून यंत्र हातात धरून कलतं कर, क्षितिज सरळ राहतंय का बघ. पाती नवीच टाक, त्याच्या पात्यांवर जाऊ नको. नोंदणी त्याच्या नावावरून तुझ्या नावावर होतेय का ते आधी विचार, नसेल होत तर पैसे देऊ नको. आणि बॅटरी जराही फुगलेली असेल तर फुकट दिली तरी घरी आणू नको.